रुग्ण विकत घेण्याचा माझा एक प्रयोग

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा त्यांची अपेक्षा मधुमेह, रक्तदाब अथवा पावसाळ्यातील तापाचे प्रकार अशा एखाद्या विषयाची असावी. गेली अनेक वर्षे मी तेच लिहीत आलो आणि वाचकांनीही ते सौजन्याने सहन केले. या खेपेस मात्र माझ्याच हातून घडलेल्या एका व्यवहाराची हकीकत लिहिण्याचे मी ठरविले आहे. ती लिहिताना संकोच वाटतो. कारण या व्यवहारात मी फसलो एवढ्यावरच ती संपत नाही. माझ्या पैशांनी दुसरेच कोणी पोळले गेले.

आम्हा वैद्यकांना ‘लीड’ म्हटले की हृदयालेखाच्या बारा लीड आठवतात. व्यापारी जगात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्याला काही विकत घ्यायचे असावे अशा माणसाचे नाव, त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि त्याला काय हवे याची एक ओळ, म्हणजे लीड. अशा ओळी गोळा करून त्या दुकानदार, कारागीर, वकील, शिकवणीवर्ग आणि आता डॉक्टर यांना पैसे घेऊन पुरविणे हा आपल्या देशात फार मोठा व्यवसाय झाला आहे. दूरध्वनीवरून पत्ते सांगणारी ‘जस्टडायल’ आणि व्यापाऱ्यांची गाठ घालून देणारी ‘इंडियामार्ट’ या दोन्ही कंपन्या १९९६ सालच्या. पहिलीची मालकी २०२१ मध्ये रिलायन्सच्या किरकोळ व्यापार कंपनीने मिळविली, दुसरी २०१९ मध्ये शेअर बाजारात आली. त्यांच्यामागून लहानमोठ्या अनेक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. माझा करार वरील दोहोंपैकी कोणाशीही नव्हता, हे येथेच स्पष्ट करतो. ज्या कंपनीशी होता तिचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही.

सौसरला आम्हा पतिपत्नींचे दहा खाटांचे रुग्णालय आहे. माझी पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मी फिजिशियन. आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा कोणाचे तरी बोट धरून येतो. बसस्थानकावरच्या चहावाल्याला विचारतो, मोहगावच्या मावशीला फोन करतो, रामाकोन्याच्या बाजारात कोणी ‘त्या डॉक्टरकडे माझ्या जावयाला बरे वाटले’ असे म्हणतो, आणि मग तो आमची पायरी चढतो. अशा रीतीने तीन दशके चालले. पुढे नागपूरचा रस्ता सुधारला, घरोघरी चारचाकी आली आणि सर्दीपडशासाठीसुद्धा सावनेर ओलांडून जाण्याची रीत पडली. बाह्यरुग्ण विभागातील बाके दुपारी रिकामी दिसू लागली. करोनाच्या दोन वर्षांत माणसांनी भ्रमणध्वनीवर सर्व काही शोधण्याची सवय लावून घेतली होती. आपणही तेथे दिसावे असे मला वाटू लागले. नेमक्या याच मनःस्थितीत, २०२२ च्या दिवाळीनंतर, तो फोन आला.

आवाज तरुण, भाषा हिंदी आणि आर्जवी. ‘डॉक्टर साहब, आपके एरिया में हर महीने सैकड़ों लोग गायनेकोलॉजिस्ट सर्च कर रहे हैं, और आप कहीं दिख ही नहीं रहे.’ दोन दिवसांनी टाय बांधलेला एक मुलगा हातात टॅबलेट घेऊन हजर झाला. त्याने एक आलेख दाखविला. त्यात छिंदवाडा जिल्हा निळ्या रंगात रंगविलेला होता आणि त्यावर मोठमोठे आकडे होते. ते कोठून आले हे मी विचारले नाही. औषध कंपनीचा प्रतिनिधी असा आलेख घेऊन आला असता तर मी नमुना किती जणांचा, तुलना कशाशी, असे दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही विचारला नाही. दरमहा अडीच हजार रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे २,९५० रुपये, बारा महिन्यांचा करार. ‘एक डिलिव्हरी में पूरे साल का वसूल,’ असे तो म्हणाला. पत्नीला ते बोलणे आवडले नाही. मी मात्र टॅबलेटवर बोटाने सही केली आणि खात्यातून हप्ता परस्पर वळता करण्याचे संमतिपत्र, ज्याला बँकेत ‘मँडेट’ म्हणतात, तेही देऊन टाकले. करार इंग्रजीत होता, बोलणे हिंदीत झाले, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते आमचे रुग्ण मराठी, त्यातही वऱ्हाडी बोलणारे. या तीन भाषांच्या फटींतून किती काय गळून पडते, याची कल्पना सीमेवर राहणाऱ्या आपणा सर्वांना आहे. तरीही मी करार वाचला नाही.

सुदैवाने एक गोष्ट मी केली. आमच्या स्वागतकक्षातील मुलीला एक वही आखून दिली आणि कंपनीकडून आलेली प्रत्येक लीड तीत उतरवायला सांगितले. तीन महिन्यांत ६१ नोंदी झाल्या. त्यांतील १४ क्रमांक लागलेच नाहीत. नऊ जणांना नोकरी हवी होती. कोणी परिचारिका, कोणी कंपाउंडर. अकरा जण आम्हालाच काही विकू पाहत होते. त्यांत विमा होता, सोनोग्राफी यंत्र होते आणि अशाच दुसऱ्या एका कंपनीचा लीड विकणारा मुलगाही होता. आठ जण छिंदवाडा आणि परासिया भागातले होते. सिलेवानीचा घाट उतरून सौसरला यावे लागेल हे कळताच त्यांनी फोन ठेवला. सहा जणांनी आपण कोठेही चौकशी केली नसल्याचे सांगितले, त्यांतील दोघांनी जरा कडक शब्दांत. तिघांना गुरांचा डॉक्टर हवा होता. उरले दहा. या दहांपैकी सात आमचेच जुने रुग्ण निघाले आणि नवे म्हणावेत असे तीन. तीन हप्त्यांचे ८,८५० रुपये भागिले तीन, म्हणजे एक नवा रुग्ण मला २,९५० रुपयांना पडला. त्या वेळी आमची तपासणी फी २०० रुपये होती.

त्या सात जुन्या रुग्णांचे प्रकरण समजून घेण्याजोगे आहे. ही माणसे आमचाच क्रमांक शोधत होती. त्यांनी आमच्या रुग्णालयाचे नाव टाकले आणि त्यांच्यापुढे कंपनीचे पान उघडले. त्या पानावर आमच्या नावाखाली जो क्रमांक होता तो आमचा नव्हताच. तो कंपनीचा होता, आणि तेथून फोन आमच्याकडे वळविला जात होता. म्हणजे आमच्याच दारात येणाऱ्या माणसाला कोपऱ्यावर अडवून, दुसऱ्या वाटेने आत आणून, त्याची किंमत आमच्याकडून घेतली जात होती. हिशेबात तो ‘कंपनीने दिलेला रुग्ण’ ठरत होता. याची दुसरी बाजू मला पुढे कळली. आपण करार सोडला तरी लोकांनी जपून ठेवलेला तो क्रमांक कंपनीकडेच राहतो; उद्या तो कोणाकडे वळवायचा हे ती ठरविते.

मी चारचौघांत विषय काढला तेव्हा असे अनुभव घरोघरी निघाले. पांढुर्ण्याचे एक रोपवाटिकावाले माझे जुने रुग्ण आहेत. जंबेरीवर डोळा भरून नागपुरी संत्र्याची कलमे तयार करणारा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनी एका व्यापारी संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली होती. त्यांना आलेल्या चौकश्यांत कोणाला गुलाबाच्या कुंड्या हव्या होत्या, कोणाला संत्र्याचा रस डबाबंद हवा होता, आणि एका गृहस्थाला पाच कलमे दूरच्या शहरात घरपोच हवी होती. ज्या एक-दोन चौकश्या खऱ्या होत्या त्या एकाच वेळी आणखी चार-पाच जणांना विकलेल्या होत्या. ग्राहकाने फोन उचलताच सांगितले, ‘तुम्ही पाचवे. चौथ्याने रोपामागे दोन रुपये कमी सांगितले.’ या धंद्याची घडणच तशी आहे. एक ओळ एकालाच विकली तर एकदाच पैसे येतात, पाच जणांना विकली तर पाचदा. पाचांपैकी चौघे रिकाम्या हाताने परतणार हे विकणाऱ्याला विक्रीआधीच ठाऊक असते.

ते रोपवाटिकावाले एक गोष्ट फार मार्मिक बोलले. ‘डॉक्टरसाहेब, बागेचा सौदा करणारा व्यापारी झाडावरचं फळ पाहून इसार देतो. मंडीतला अडत्या माल विकल्यावर अडत घेतो. हे लोक माल नाही, सौदा नाही, आधीच अडत घेतात.’

मोटार वाइंडिंग करणारे, मंडप-बिछायतवाले, एक दंतवैद्य मित्र, सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच. यात सर्वच कंपन्या खोट्या आणि सर्वच चौकश्या बनावट, असे मी म्हणणार नाही. नागपूर-पुण्यासारख्या शहरात, जेथे रोज नवी माणसे राहायला येतात आणि शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही, तेथे सामान हलविणाऱ्याला किंवा नळदुरुस्तीवाल्याला यातून काम मिळतही असेल. पण २०११ च्या जनगणनेत पांढुर्ण्याची लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती आणि सौसर त्याहून लहान. येथे कोणाला काय हवे हे विचारायला माणसे आहेत. जी गोष्ट या गावांत फुकट आणि अधिक खात्रीची मिळते, तीच आम्ही नगदी मोजून निकृष्ट प्रतीची घेत होतो.

परदेशातही हे घडले आहे. अमेरिकेत घरदुरुस्तीचे कारागीर ‘होमअॅडव्हायझर’ नावाच्या कंपनीकडून लीड विकत घेत. सुतार, रंगारी, प्लंबर अशी ही साधी माणसे. पुरविलेल्या लीडचा दर्जा आणि त्यांतून काम मिळण्याचे प्रमाण यांबाबत कंपनीने कारागिरांची दिशाभूल केली, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने मार्च २०२२ मध्ये ठेवला. अनेक लीड त्या कारागिराच्या कामाच्या अथवा भागाच्या नसत, असेही आयोगाचे म्हणणे होते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याचा आदेश निघाला. त्या बातमीतील कारागिरांच्या तक्रारी वाचताना, आमच्या स्वागतकक्षातील वहीच कोणी इंग्रजीत उतरविली आहे की काय असे मला वाटले.

येथवरची कथा पैशांची आहे आणि पैसे गेले तर डॉक्टर मरत नाही. खरी गोष्ट यापुढे आहे.

मार्च २०२३ मध्ये पत्नीच्या बाह्यरुग्ण विभागात एक तरुण स्त्री तिच्या आईबरोबर आली. वय सव्वीस, लग्नाला पाच वर्षे, मूल नाही. गाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. ती आत येऊन बसली, पण बोलेना. आईच बोलत होती. सासरहून तिला माहेरी आणून सोडले होते. बऱ्याच वेळाने ती पत्नीकडे पाहून म्हणाली, ‘मी त फक्त तुमचा नंबर पाहत होती, मॅडम. तुमीच सांगतलं का सगळ्याइले?’

पत्नीला काही उमगले नाही. हळूहळू उलगडा झाला. एका दुपारी घरात कोणी नसताना तिने सासऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर आमच्या रुग्णालयाचा क्रमांक शोधला होता. घरात तो एकच चांगला फोन. समोर आलेल्या पानाने तिला नाव विचारले, क्रमांक विचारला, त्रास काय ते विचारले. डॉक्टरच विचारीत आहेत असे समजून तिने सर्व भरले. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. नागपूरच्या दोन वंध्यत्व केंद्रांतून आले, आणखी एका दूरच्या शहरातून आला, उपचारासाठी कर्ज देणाऱ्या कोणाचाही आला. प्रत्येक वेळी फोन सासऱ्यांनी उचलला आणि प्रत्येक वेळी पलीकडच्या अनोळखी आवाजाने सुनेचे नाव घेऊन तिच्या ‘प्रॉब्लेम’ची चौकशी केली. ज्या घरात या विषयावर नवराबायकोतही उघड बोलणे नव्हते, तेथे तो आठवडाभर रोज वाजत राहिला. दोष कोणात आहे हे अद्याप कोणी तपासलेलेही नव्हते. पतीची साधी वीर्यतपासणी झालेली नव्हती. निकाल मात्र लागून गेला होता.

त्या संध्याकाळी मी ती वही काढली. चौऱ्याहत्तरावी नोंद तिची होती. नाव, क्रमांक आणि ‘आवश्यकता’ या रकान्यात एक शब्द: बांझपन. पुढे आमच्या मुलीच्या अक्षरात शेरा होता, ‘फोन केला. वडीलधाऱ्या माणसाने उचलला. नंतर करा म्हणाले.’

म्हणजे त्या घरी गेलेल्या फोनांपैकी एक आमचा होता.

मी स्वतःला नेहमी असे सांगत आलो होतो की आपण कधी कोणाला कट दिला नाही, कोणाकडून घेतला नाही. खेड्यातून रुग्ण आणणाऱ्याला पाकीट नाही, नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाकडून ‘सन्मानधन’ नाही. सभांमधून मी त्यावर बोललोही आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आपणा सर्वांना विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपचारामुळे ठाऊक आहेत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्ण तपासणीस पाठविल्याबद्दल एका निदानकेंद्राकडून आलेल्या बाराशे रुपयांच्या धनादेशावर त्यांनी २०१३ मध्ये वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. हे उदाहरण मी कितीदा तरी दिले असेल. आणि इकडे मी दरमहा २,९५० रुपये देऊन रुग्णांची नावे विकत घेत होतो, पावती घेऊन, करासकट.

त्यानंतर मी २००२ ची व्यावसायिक आचारसंहिता पुन्हा वाचायला घेतली. नोंदणीच्या वेळी आपण सर्वांनी ती पाळण्याची शपथ घेतलेली असते आणि त्यानंतर ती सहसा उघडत नाही. तिच्या सहाव्या प्रकरणात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे रुग्णांची याचना करणे अनैतिक म्हटले आहे. दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, बाहेरगावी जाणे, परत येणे, फीचे दर जाहीर करणे अशा मोजक्या प्रसंगी वृत्तपत्रात निवेदन देण्याची मुभा आहे. रुग्ण मिळवून दिल्याबद्दल कोणालाही दलाली देणे अथवा कोणाकडून घेणे निषिद्ध आहे. सातव्या प्रकरणात, व्यवसायाच्या ओघात कळलेले रुग्णाचे गुपित फोडणे हा दोष आहे. आणि त्याच प्रकरणाच्या एकोणिसाव्या कलमात एकच वाक्य आहे: वैद्यकाने रुग्ण मिळविण्यासाठी दलाल अथवा एजंट वापरू नयेत. रेल्वेस्थानकावर उभा राहून रुग्णाची पिशवी ओढणारा माणसाच्या रूपातला दलाल मला ओळखता आला असता. टॅबलेट घेऊन आलेला ओळखता आला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नवी आचारसंहिता अधिसूचित केली. तिच्यात हे अधिक स्पष्ट लिहिले होते. शोधयंत्रात आपले नाव वर दिसावे म्हणून पैसे देणे, अनुयायी वा पसंतीच्या खुणा विकत घेणे, वरचा दर्जा देण्यासाठी अथवा रुग्ण मिळवून देण्यासाठी शुल्क घेणाऱ्या अॅपवर नोंदणी करणे, हे सारे वर्ज्य सांगितले होते. त्या संहितेवर देशभर वाद झाला, पण तो मुख्यत्वे जेनेरिक औषधांच्या सक्तीवर आणि औषध कंपन्यांच्या पैशांनी होणाऱ्या परिषदांवर. या कलमाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. त्याच महिन्यात ती संपूर्ण संहिता स्थगित झाली आणि २००२ ची पुन्हा लागू झाली. स्थगितीमुळे ते नवे शब्द आज बंधनकारक नाहीत, पण एकोणिसावे कलम जागेवरच आहे.

करारातून बाहेर पडण्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती डॉक्टरेतर वाचकांच्या उपयोगाची आहे. मी लेखी कळविले की करार रद्द करा. उत्तर आले, मध्येच रद्द होत नाही, उरलेले हप्ते द्यावे लागतील. मग निरनिराळ्या आवाजांत फोन येऊ लागले. कोणी सवलत देऊ करी, कोणी न्यायालयाची भीती घाली. करारात बारीक अक्षरांत लिहिले होते की वाद झाल्यास लवाद दूरच्या महानगरात बसेल. माझ्या बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी शांतपणे एक अर्ज पुढे केला. संमतिपत्र आपण देतो तसे ते काढूनही घेता येते. त्या अर्जाने पुढचे हप्ते थांबले. गेलेले पैसे परत आले नाहीत. नोटीस येईल असे वाटले होते, ती आजतागायत आलेली नाही.

एका वकील स्नेह्यांकडून जे समजले ते येथे नोंदवितो. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असे सांगून लहान दुकानदाराला वाटेला लावले जाते. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्टीकरण आहे की, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही; सेवेचा उल्लेख मात्र त्यात नाही. मोटार वाइंडिंग करणारा एकटा कारागीर या स्पष्टीकरणाचा आधार मागून पाहू शकतो; दहा खाटांच्या रुग्णालयाला तो मिळेलच असे नाही. याच कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याचा हक्क दिला. कंपनीच्या गावी जाण्याची गरज उरली नाही. लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात मान्य केले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत वर्गणीचा सापळा, म्हणजे आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड ठेवणे, हा एक प्रकार आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. नको असलेल्या व्यापारी फोनांसाठी १९०९. हे दोन आकडे दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, असा माझा मंडप-बिछायतवाल्या मित्रांना सल्ला आहे.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये संसदेने केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. पण त्या मुलीच्या सासऱ्यांचा फोन वाजत होता, तेव्हा यातले काहीच तिच्या हाती नव्हते. असते तरी तिने कोणत्या आयोगाला पत्र लिहिले असते?

पत्नीने त्या कुटुंबाशी बोलण्याचा प्रयत्न केला. फोन न करता ती एका रविवारी स्वतः गेली. सासऱ्यांनी चहा दिला, बोलले मात्र नाहीत. तीन महिन्यांनी पती एकटाच आला. तपासणीत दोष त्याच्याकडे निघाला, उपचाराने सुधारण्याजोगा. ती आता सासरी आहे. मूल अद्याप नाही. त्या दोघांच्या केसपेपरवर भ्रमणध्वनीचा रकाना पत्नीने रेघ मारून रिकामा ठेवला आहे. पुढची तारीख ती तोंडी सांगते आणि ते न चुकता येतात. मी त्या मुलीची क्षमा मागितली. ‘जाऊ द्या सर,’ एवढेच ती म्हणाली. तिला माझे म्हणणे नीट कळले की नाही, हे मला अजूनही ठाऊक नाही. आपल्या डॉक्टरने आपले नाव विकत घेतले होते, ही गोष्ट समजावून तरी कशी सांगावी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून आपला नवा जिल्हा झाला. सत्कार झाले, फटाके उडाले. त्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा तसाच आर्जवी फोन आला. ‘सर, अब आपका पांढुर्णा नया जिला बन गया है. नई कैटेगरी खुली है, पहले पाँच डॉक्टरों को ऑफर है.’ मी त्याला माझा अनुभव सांगू लागलो. तो मध्येच म्हणाला, ‘सर, वो दूसरी कंपनी होगी.’ त्याचेही बरोबरच होते. पहिल्या पाचांत आपल्यापैकी कोणी गेले का, हे मी विचारलेले नाही. गेले असतील तर माझ्यासारखी एक वही आखून घ्यावी आणि ‘आवश्यकता’ हा रकाना रोज स्वतः वाचावा, एवढीच विनंती.

रुग्णाला डॉक्टरचा क्रमांक सापडला पाहिजे ही गरज खरी आहे, आणि ती आपण भागविली नाही म्हणूनच ही मधली माणसे आली. माझी आपल्या संघटनेस एक साधी सूचना आहे. सौसर, पांढुर्णा, मोहगाव, रामाकोना, लोधीखेडा येथील सर्व डॉक्टरांची एक यादी मराठी आणि हिंदीत छापावी. नाव, पदवी, दवाखान्याची वेळ, स्वतःचा क्रमांक. विशेषणे नकोत, छायाचित्रे नकोत, कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली यासाठी पैसे नकोत, अकारविल्हे लावावीत. ती बसस्थानकांवर, पांढुर्णा रेल्वेस्थानकाबाहेर, औषधांच्या दुकानांत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत चिकटवावी. आचारसंहितेच्या दृष्टीने मसुदा राज्याच्या परिषदेला आधी दाखवून घ्यावा. टंकलेखन आणि मुद्रितशोधनाचे काम मी करीन. खर्चाचा अंदाज मुद्रकाकडून घेतला आहे. तो मी ज्याला वर्षभरासाठी सही केली होती त्या रकमेच्या निम्म्याहून कमी आहे.

नावे पोळ्याच्या महिनाभर आधी माझ्याकडे पोहोचावीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, आणि त्या दिवशी डोके फुटलेल्या माणसाला घेऊन धावणाऱ्याला जवळचा डॉक्टर कोणता हे भिंतीवर लिहिलेले दिसले तर बरे पडेल.